सातव्या पुलाचा खरा वेग

"काकू, पालकांची बसायची सोय मागच्या तीन रांगांत आहे," दारावरची मुलगी म्हणाली. गळ्यात ओळखपत्र, हातात यादी, आणि आपण किती नम्र वागतोय याचं चेहऱ्यावर समाधान.

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत माझा जुना लॅपटॉप. त्याची बिजागरी केव्हाच तुटली आहे, म्हणून मी तो युनिफॉर्मच्या कमरेला घालतात त्या इलॅस्टिकनं बांधून ठेवते. शेजारी मावशी उभी.

"आम्ही कुणाचे पालक?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे... तुमचा मुलगा खेळायला आलाय ना?"

"मला मुलगाच नाही. पण तीन रांगा मोकळ्या ठेवल्याच आहेत तर बसते बाई. गुडघे बोलायला लागलेत."

मी वाद घातला नाही. वाद आत घालायचा होता. गेम खेळणाऱ्यांच्या त्या मेळाव्यात मला एकच गोष्ट वाचवायची होती: माझ्या गेममधला सावकाश वेग. तो वेग काढून टाकल्याचं माझा धाकटा भाऊ तीन वाजता स्टेजवरून जाहीर करणार होता. केलं नाही, तर कंपनी माझा गेम तिच्या ऑनलाइन दुकानातून उतरवणार होती. आणि समोरचे दोनशे लोक टाळ्या वाजवायला हात चोळत बसले होते.

मी अकरा वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले. कॉलर, खिसा, काज. प्रोग्रॅमिंग शिकले ते जेवणाच्या सुटीत, एका रद्दीतल्या पुस्तकावरून. त्या पुस्तकाची शेवटची चाळीस पानं कुणीतरी फाडून नेली होती, आणि आमच्या कारखान्यात असं पुस्तक फाडणारा शिकायला नक्कीच फाडत नव्हता. मावशी माझी सख्खी मावशी नाही. मी कामाला लागले तेव्हा तिनं मला काज करायला शिकवलं, म्हणून मावशी. तीस वर्षं कात्री आणि सुई धरून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आत वळली आहेत. ती आता उघडत नाहीत.

गेमचं नाव 'हमाल'. पाठीवर ओझं घेऊन एक हमाल सात मोडके पूल ओलांडतो, एवढाच खेळ. ओझ्याखाली तोंड दिसत नाही. चाल मावशीची आहे, जिना चढतानाची. पुलाच्या फळ्या हलतात, फळी पायाखाली आली की बटण दाबायचं. फळ्यांचा ठेका मी पायाच्या मशीनवर बसवला. पॅडलच्या एका दाबाला एक फळी. शिवता शिवता मनात मोजायचं आणि घरी येऊन लिहायचं, असं दोन वर्षं चाललं.

गेम विकायची वेळ आली तेव्हा कंपनीशी बोलायला धाकटा गेला. तो बोलका आहे. मी चारचौघांत बोलायला लागले की आधी घसा बसतो, मग राग येतो. लोक त्याला 'उस्ताद' म्हणायला लागले. त्यानं कधी 'गेम मी केला' असं म्हटलं नाही. पण 'ताईनं केला' असंही म्हटलं नाही. खोटं न बोलता खोटं कसं वागावं, यात आमचा धाकटा पहिल्या नंबरनं पास होईल. आणि मीही गप्प बसले. म्हटलं, नाव कुणाचं का होईना, काम तर माझं आहे. ही माझी पहिली चूक.

गेम चालला. लोक म्हणाले, भयंकर कठीण आहे. सातवा पूल पार करायला कुणाला चार महिने लागले, कुणाला सात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बाईच्या हातच्या कामाला लोक छान म्हणतात, नीटनेटकं म्हणतात. कठीण कोण म्हणतं?

मग सातवा पूल पार केलेल्यांनी एक टोळी केली. नाव 'अस्सल हमाल'. यातल्या एकानंही गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर नेली असेल तर मी शिवणकाम सोडते. त्यांनी लेख लिहिले. सातव्या पुलाचा वेग म्हणजे उस्तादांचं तत्त्वज्ञान आहे, आयुष्य कुणासाठी थांबत नाही हे त्यांना सांगायचं आहे, वगैरे. वाचून मी धाकट्याला विचारलं, "असं सांगायचं होतं का आपल्याला?" तो म्हणाला, "असू दे ना ताई, खप वाढतोय."

यंदा मावशीनं भाचीचा नवा टॅब आणला आणि माझा गेम उघडला. पहिल्याच पुलावरून पडली. पन्नास वेळा पडली. मला वाटलं, बोटं. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर मीही खेळून पाहिलं, मीही पडले. मला वाटलं, वय. म्हणून मी आणखी एक वेग केला, सावकाश. मावशीला शेजारी बसवलं आणि तिला जमेपर्यंत फळ्या कमी कमी वेगानं हलवत गेले. ज्याला हवा त्यानं तो घ्यावा, नको त्यानं जुना घ्यावा. कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं.

पण अस्सल हमालांच्या पाठीवर जणू कुणी खरंच पोतं टाकलं. आम्ही बोटं झिजवली आणि आता कुणीही सोम्यागोम्या पूल ओलांडणार? एका आठवड्यात तीन हजार लोकांनी गेमला एक तारा दिला. 'ज्यांना जमत नाही त्यांनी भातुकली खेळावी,' असं लिहिलं. शोध घेणाऱ्यांनी शोधही घेतला: उस्तादांना एक बहीण आहे, ती त्यांच्या कामात लुडबुड करते, हे तिचंच काम. मोहीम निघाली, 'उस्तादांना मोकळं करा.' माझ्या तावडीतून मला सोडवायला तीन हजार माणसं निघाली होती. हसावं की चपला शोधाव्यात?

कंपनीचा माणूस मात्र हसला नाही. "मॅडम, ग्राहक नाराज आहे. मेळाव्यात काढून टाकल्याचं सांगा, विषय संपला."

"मावशी ग्राहक नाही का?"

"एक मावशी," तो म्हणाला.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मी जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. त्यात गेमची अगदी पहिली प्रत होती. वाटलं, निदान कुठून निघालो ते बघावं. चहा टाकायला उठले, तर मावशी माझ्या जागेवर बसली आणि खेळायला लागली. चहा उकळून ओट्यावर सांडला तरी मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी. मावशी पहिला पूल ओलांडून गेली होती. मग दुसरा. तिसरा. तीच बोटं, तोच गेम, आणि सावकाश वेग नव्हताच त्या प्रतीत. माझा पाय आपोआप जमिनीवर पडायला लागला. एक दाब, एक फळी. एक दाब, एक फळी.

सातव्या पुलावर ती चौथ्या फळीशी पडली. "ही चौथी लबाड आहे गं. उशिरा येते. टॅबवरही येते."

"बोटं दमली असतील," मी म्हटलं. माझं लक्ष कुठं होतं तिच्याकडं.

मी तीच फाईल नव्या कॉम्प्युटरवर टाकली. फळ्या दुप्पट वेगानं धावल्या. तेव्हा लख्ख कळलं. मी गेमचा वेग घड्याळाला बांधलाच नव्हता, कॉम्प्युटरच्या मशीनला बांधला होता; मशीन जेवढं वेगवान, तेवढ्या फळ्या वेगवान. पायाच्या मशीनला कुणी मोटर लावली की तोच टाका धडाधड पडतो, तसं. माझा लॅपटॉप म्हातारा, म्हणून गेम माणसाच्या चालीनं चालायचा. लोकांची मशीनं नवी, तिथं तो पिसाळायचा. घड्याळाचा धडा त्या फाडलेल्या चाळीस पानांत असणार. आणि सगळ्या जगाकडं माझ्यासारखंच जुनं मशीन असेल, असं मी धरून चालले होते. त्यांचं तत्त्वज्ञान ते एवढंच: माझी चूक. आणि मावशीवर उपकार म्हणून मी जो सावकाश वेग केला, तो ताडून पाहिला तर लॅपटॉपच्या वेगाशी बरोब्बर जुळला. माझा मूळ गेम तोच होता.

हॉलच्या मागच्या खोलीत धाकटा घाम पुसत होता. समोर कंपनीनं छापून दिलेला कागद.

"ताई, आज नको. आज फक्त वाचून टाकतो. नंतर हळूच परत आणू."

"हळूच काय? चोरीचा माल आहे का?"

"लोक खवळलेत गं."

"लोकांनी आईबापाचं घर मागितलं तर तेही हळूच देशील?"

तो म्हणाला, "मी इतकी वर्षं उस्ताद म्हणून हात हलवतोय. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"तुला तोंड लागणारच नाही. मी आहे."

तीन वाजता तो स्टेजवर गेला. टाळ्या, शिट्ट्या. पहिल्या रांगेत सुसाट बसला होता. हे त्याचं खेळातलं नाव. सातवा पूल सगळ्यांत कमी वेळात त्यानं पार केला होता. पस्तिशीचा असेल, व्यवस्थित दाढी, छातीवर स्वतःच्याच विक्रमाचा बिल्ला. धाकट्यानं वाचायला सुरुवात केली, "आपल्या भावनांचा आदर करून आम्ही सावकाश वेग..."

मी पायऱ्या चढून गेले आणि टेबलावर लॅपटॉप ठेवला. ठेवला कसला, आदळला. "धाकट्या, खाली बस."

हॉल हसला. दारावरची ती मुलगी धावत आली, "काकू, काकू, स्टेजवर नाही!"

"पालक आहे मी," मी म्हटलं, "या गेमची." माइक हातात आला आणि घसा बसला. मग नेहमीप्रमाणे राग आला आणि घसा सुटला. "हा माझा भाऊ. यानं या गेमची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. विचारा त्याला."

दोनशे माना धाकट्याकडं वळल्या. तो खुर्चीत बसला होता. त्यानं कागदाची घडी घातली, अजून एक घडी घातली. "खरंय," तो म्हणाला. "एकही नाही. सगळं ताईचं."

मागून कुणीतरी ओरडलं, "उस्तादांवर दबाव आहे!"

"गाढवा, उस्ताद समोर उभी आहे!" हे तिसऱ्या पालक-रांगेतून. मावशी.

मी जास्त बोलले नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. "ही पहिली प्रत. मी जशी केली तशी. इथं अस्सल कोण आहे?"

सुसाट उठला. हात झटकत, बोटं मोडत, कॅमेऱ्यांकडं बघत आला. पहिला पूल. त्यानं बटण दाबलं आणि हमाल खाली. फळी अजून आलीच नव्हती. पुन्हा. पुन्हा खाली. त्याची बोटं फळीच्या आधी पोचत होती. सहा वेळा पडला. हॉलमध्ये आधी कुजबुज, मग कुणीतरी खुदकन हसलं.

"बटण अडकतंय," सुसाट म्हणाला.

"थांब की जरा!" मावशी मागून ओरडली. "फळी तुझ्याकडंच येतेय, पळून चालली का?"

"हा लॅपटॉप खराब आहे. हे मुद्दाम हळू केलंय."

मी तीच फाईल त्याच्यासमोर हॉलच्या नव्या कॉम्प्युटरवर टाकली. एकच फाईल, दोन मशीनं शेजारी शेजारी. इकडं हमाल चालत होता, तिकडं शेपटीला फटाका लागल्यासारखा पळत होता. मी सांगितलं: घड्याळाला बांधायचा वेग मी मशीनला बांधला. मला येत नव्हतं. तुम्ही ज्याला तत्त्वज्ञान म्हणता ती माझी चूक आहे. चूक माझी, मी सगळ्यांसमोर कबूल करते.

मला वाटलं होतं, आता तरी समजेल. फारच भोळी मी.

"मग काय झालं?" सुसाट म्हणाला. आवाज चढला होता. "चुकून असेल, पण ज्या वेगानं आम्ही खेळलो तोच खरा. गेम आता तुमचा राहिलेला नाही, आमचा आहे. खरं सांगू? तुम्हाला तुमचाच गेम कळलेला नाही."

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. बीळ खोदणारीला बीळ म्हणजे काय ते शिकवणारा नागोबा मी पहिल्यांदाच पाहिला.

"तू चार महिने घासलीस बोटं," मी म्हटलं. "ती मेहनत तुझी, विक्रम तुझा. त्याला मी हात लावत नाही. तुझा वेगही ठेवते. पण दुसऱ्याचा वेग काढून टाका, हे म्हणायचा हक्क तुला कुठल्या पुलावर मिळाला? ती मागं बसलेली बाई पूल ओलांडते, तेव्हा तुझ्या पायाखालची फळी जाते का?"

सुसाटनं छातीवरचा बिल्ला सरळ केला. त्याच्या मागचे बोलले. बरंच. त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही.

कंपनीचा माणूस स्टेजच्या कडेला येऊन कुजबुजला, "मॅडम, मधला मार्ग काढू. दोन्ही वेग ठेवा. फक्त वेगवान असेल त्याला 'अस्सल' नाव द्या आणि दुसऱ्याला 'सोपा'. सगळे खूश."

"मावशी कुठं खूश झाली?"

"अहो, नावात काय आहे?"

"काही नाही ना? मग मी ठेवते ती नावं चालतील."

मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. मी हॉलच्या नव्या कॉम्प्युटरवर बसले आणि गेमची आताची आवृत्ती उघडली. गेम सुरू होताना दोन वेग निवडायला मिळतात. 'सावकाश' पुसलं आणि लिहिलं 'मूळ'. दुसऱ्याच्या जागी लिहिलं 'चुकून झालेला'. हॉलमध्ये असा आवाज झाला जसा कापड उभं फाडताना होतो.

"हे पाठवलंत तर संध्याकाळपर्यंत गेम दुकानातून उतरेल," कंपनीचा माणूस आता कुजबुजत नव्हता.

नवी आवृत्ती पाठवायचा पासवर्ड फक्त माझ्याकडं आहे. गेम मी लिहिला, तेवढी एक किल्ली तरी माझ्याकडं राहिली होती. धाकट्याकडं पाहिलं. त्यानं घडी घातलेला कागद खिशात कोंबला आणि मान हलवली. हो म्हणून.

"उतरवा," मी म्हटलं. "हमालाचा गेम आहे. पाठीवर घेऊन दुसरीकडं जाईन."

आणि पाठवला.

निम्मा हॉल उठून गेला. उरलेल्यांत काहीजण जुन्या लॅपटॉपभोवती जमले. मावशी त्यांना कोपरानं बाजूला करत आली, बसली, आणि सहा पूल ओलांडून सातव्याच्या चौथ्या फळीशी पडली. "तीच लबाड!" ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

आम्ही जिना उतरेपर्यंत गेम दुकानातून गेलेला होता. लॅपटॉपची पिशवी धाकट्यानं घेतली. अर्ध्या जिन्यात खांदा बदलला आणि म्हणाला, "केवढं जड आहे गं हे." मी पिशवी परत मागितली नाही. वाहू दे.

आता गेम आमच्या स्वतःच्या पानावर मिळतो. पहिल्या पडद्यावर माझं नाव आहे. ते धाकट्यानं घातलं, मला न विचारता, आणि आडनावात चूक केली. ती मी सुधारली. शिव्यांची पत्रं अजून येतात, पण कमी. खपही कमी. चालतंय. कॉलर शिवायला हात अजून विसरलेला नाही.

गेल्या आठवड्यात सुसाटचं पत्र आलं. माफी नाही, नमस्कार नाही. 'मूळ वेगात सातव्या पुलाची चौथी फळी ठेका चुकवून उशिरा येते. दुरुस्त करा. एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही?' म्हणजे खेळत होता तर. मी लगेच फाईल उघडून तपासलं. बरोबर होतं त्याचं. एक आकडा चुकला होता, चार वर्षांपूर्वीचा.

आकड्यावर बोट ठेवलं आणि कानशिलं तापली. मावशी हेच दोन महिने सांगत होती. घरी सांगितलं, मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगितलं. दर वेळी मी तिच्या बोटांकडं पाहिलं, फळीकडं एकदाही नाही. त्या आगाऊ माणसाचं एक पत्र आलं तर मी पाच मिनिटांत फाईल उघडून बसले.

फळी दुरुस्त केली. मग लॅपटॉप इलॅस्टिकनं बांधला आणि मावशीचं दार वाजवलं.

"चौथी फळी खरंच लबाड होती," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं. मी ऐकलं नाही."

"मग मी काय सांगत होते?" ती दारातून बाजूलाही झाली नाही. "कुणी सांगितलं तेव्हा पटलं?"

मी सांगितलं कुणी ते.

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तीस वर्षांत वाकडा काज पाहून ती जशी बघायची, अगदी तशी. मग आत वळली, खुर्ची ओढली, आणि वळलेली बोटं टेबलावर ठेवली.

"लाव," ती म्हणाली. "आणि या वेळी माझ्या हाताकडं बघू नकोस. पुलाकडं बघ."